आखूड दस्त्याची रायफल

त्या वर्षी अमेरिकेतली कामं आटली आणि आमच्या कंपनीने आम्हा बऱ्याच जणांना बेंचवर बसवलं. बेंचवर म्हणजे पगार चालू, काम बंद. रोज नऊला कार्ड दाखवून आत जायचं, कॅन्टीनमध्ये तीन वेळा चहा प्यायचा आणि कुणी बोलावतंय का याची वाट बघायची. मी यवतमाळहून येऊन कर्वेनगरात दोन मैत्रिणींबरोबर राहत होते. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "काम कसं चालू आहे?" मी म्हणायचे, "निवांत." ते खोटंही नव्हतं.

कॉलेजात एनसीसीत असताना मी थोडीफार रायफल चालवली होती. नेम बरा होता. तेवढ्या भांडवलावर मी एका शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या रायफल क्लबात जाऊन फॉर्म भरला. क्लबाचे सचिव दातांचे डॉक्टर होते. फॉर्मवर 'व्यवसाय: सॉफ्टवेअर' वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कॉम्प्युटर येतो म्हणजे तुम्हाला. यादी करता येईल?"

"कसली यादी?"

"रायफलींची. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. आमचं रजिस्टर वाळवीने वाचून काढलंय."

क्लबात नुकत्याच दोन परदेशी रायफली आल्या होत्या. खांद्याला टेकायचा दस्ता लांब-आखूड करता येणाऱ्या, गालाला टेकायला वेगळी पट्टी असलेल्या. सगळे त्यांच्याचभोवती. जुन्या रायफली मागच्या खोलीत एका लोखंडी कपाटात उभ्या होत्या आणि त्या कपाटावर राज्य होतं काकांचं. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. बुटके, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात भिंग. मी ओळख करून दिली. त्यांनी मान हलवली आणि एक रायफल माझ्या हातात दिली.

तिच्या चापामागे खाली एक लोखंडी कडी होती. ती खाली ओढली की आतला ठोकळा झुकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. तिथे बोटाने एक काडतूस सरकवायचं, कडी वर घ्यायची, झालं. एका वेळी एकच गोळी; दुसरी हवी तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी रिकामी आहे ना ते बघितलं, कडी वर केली, नेम धरला आणि सवयीने चाप ओढला. टक्क.

काकांनी डोळे मिटले. दात दुखत असावा तसे.

"ते लाइटचं बटण आहे का?"

"रिकामीच होती, काका."

"म्हणूनच. आत काडतूस नसलं की त्याच्यावर बसायची सुई नळीच्या कडेवर आपटते. रोज एकेक टक्क. वर्षभराने कडेला खळगा पडतो, मग काडतूस अडकतं, मग लोक म्हणतात, जुनी झाली, फेका." त्यांनी खिशातून एक उडवलेलं रिकामं काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "सराव करायचा तर हे घालून. आणि कुणाला सांगू नका मी दिलं म्हणून. सगळे मागतील."

असं आमचं सुरू झालं. मी शनिवार-रविवार जायचे. मग ऑफिसातून चारला सटकून मधल्या दिवशीही जायला लागले. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

रायफल ओळखायची कशी, हे काकांनी शिकवलं. मला वाटलं होतं वर कंपनीचं नाव असेल, ते टाइप करायचं. काका म्हणाले, "नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. नाव कुणीही ठोकतं. आधी स्क्रू बघा." स्क्रूच्या खाचेचे काठ ताठ असतील तर रायफल फारशी उघडलेली नाही. काठ विस्कटलेले असतील तर कुणीतरी घरच्या पेचकसाने हौस भागवलेली. काकांकडे सात पेचकस होते आणि प्रत्येक त्यांनी कानशीने घासून एकेका स्क्रूच्या मापाचा केला होता. मग कडीचा आकार बघायचा. मग पुढचं लाकूड उतरवून नळीचं पोट बघायचं. तिथे हात लागत नाही, ऊन लागत नाही, म्हणून मूळचा निळसर काळा रंग तिथे शाबूत असतो. आणि बनवणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी मारलेले बारीक छापही तिथेच सापडतात. काका भिंगातून बघत आणि मला सांगत, मी टाइप करत असे. एकीच्या पोटावर मुकुटाचा छाप होता, एकीवर नुसतंच एक अक्षर. "हा माणूस तपासणीवाला," काका त्या अक्षराकडे बघून म्हणाले. "माझ्यासारखा. नाव कुणाला माहीत नाही, पण त्याने हो म्हटल्याशिवाय ही बाहेर पडली नाही."

साफसफाईचंही तसंच. या रायफलींत सळई पुढच्या तोंडाकडून घालावी लागते आणि त्या तोंडाची कड घासली गेली की नेम कायमचा बिघडतो. म्हणून काकांनी तोंडात बसेल अशी एक पितळी बोंडी करून घेतली होती. तिच्या भोकातून सळई जायची, कडेला स्पर्श नाही. चिंधी एकदा ओली, दोनदा कोरडी, शेवटी तेलाचं नुसतं बोट. मी पहिल्यांदा भरपूर तेल ओतलं तेव्हा त्यांनी विचारलं, "दिवाळीची आंघोळ आहे का?"

चार रायफली झाल्या. पाचवीशी गाडी अडली.

पाचवी सगळ्यांत देखणी होती. इतकी की काकांना तिच्याकडे बघवत नव्हतं. लोखंड आरशासारखं चकचकीत, लाकडावर फर्निचरचं जाड वार्निश. आणि बाजूला जिथे नंबर असायचा तिथे गुळगुळीत.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"क्लबाच्या सुवर्णमहोत्सवाला कपाटाबाहेर मांडली होती ना, तेव्हा कुणीतरी चमकवली. मी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो."

नंबर नाही म्हणजे रायफल कुठली, कुणाची, हे सांगता येत नाही. तपासणीत अशी रायफल सापडली तर ती जमा करावी लागणार आणि जमा झालेल्या रायफली शेवटी भट्टीत जातात, असं काका म्हणाले. आम्ही पुढचं लाकूड उतरवलं. नळीच्या पोटावर नंबर होता, स्पष्ट. मी उडीच मारली. पण रजिस्टर उघडलं तर त्या पानावर पाणी पडलेलं. शेवटचा आकडा तीन की आठ, ते देवालाच ठाऊक. शेरा मात्र वाचता येत होता: 'दस्ता आखूड. श्रीमती' आणि पुढे नाव. पत्ता नारायण पेठेतला.

काकांनी दस्ता हातात फिरवला. खरंच तो दोन-अडीच इंच कमी होता, आणि कापल्यावर मागची पट्टी पुन्हा नीट बसवलेली. "मला वाटायचं एखाद्या पोरासाठी कापला असेल," ते म्हणाले. "बाई नेमबाज असेल हे डोक्यातच आलं नाही. तपासणी खात्यात होतो म्हणे मी."

रविवारी आम्ही दोघं काकांच्या मोपेडवरून नारायण पेठेत गेलो. जुनी इमारत पाडून तिथे चार मजली नवी उभी राहिली होती. दुसऱ्या मजल्यावर दारावर पाटी: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.' काकांनी बेल एकदाच वाजवली.

दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या बाईंनी. सडसडीत, ताठ, चष्मा दोरीने गळ्यात. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही कशासाठी आलो ते काकांनी सांगितलं. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"ती अजून आहे?"

"आहे जी," मी म्हणाले.

"आपण यवतमाळच्या की अमरावतीच्या?"

"यवतमाळची."

"तरीच." मग त्या आत गेल्या आणि एक फाइल घेऊन आल्या. परवान्याची प्रत, क्लबाला रायफल दिल्याची पोच, सगळं तारीखवार. शेवटचा आकडा आठ होता, नळीवर होता तोच. काकांनी भिंग लावून दोनदा बघितलं. मी वहीत लिहून घेतलं.

"झेरॉक्स काढून आणून देतो," काका म्हणाले.

"कागद घराबाहेर जाणार नाही."

"अहो, पण तपासणीला..."

"मी येईन ना कागद घेऊन. रायफल बघेन, कागद दाखवेन. रिक्षाने नेणार असाल तर. तुमच्या त्या मोपेडवर बसणार नाही."

त्यांना मी पाणी मागितलं तेव्हा कुठे आम्ही बसलो. मग त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर क्लबात जायच्या, तो नेम धरायचा आणि त्या काडतुसांचा डबा धरायच्या. एकदा कंटाळून म्हणाल्या, मला द्या. दस्ता खांद्याला लांब होत होता तर नवऱ्याने सुताराकडे नेऊन कापून आणला. "विचारलं नाही, बोलला नाही. सकाळी नेली, संध्याकाळी कापून आणली. त्याचीच होती ती. मग त्याला आखूड पडायला लागली." पुढे बारा वर्षं त्या नेम मारत राहिल्या. मग तो गेला, डोळ्यांना चष्मा लागला आणि त्यांनी रायफल क्लबाला दिली. हे सगळं त्यांनी नकाशावर नदी दाखवावी तशा सुरात सांगितलं.

पुढच्या रविवारी मी रिक्षाने त्यांना घेऊन आले. सचिव डॉक्टर फाटकाशी उभे होते; ओळख करून देतानाच त्यांनी आपला दातांचा दवाखाना कुठे आहे तेही सांगून टाकलं. काकांनी रायफल टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवली होती. बाईंनी चष्मा लावला. गुळगुळीत जागेवरच्या बारीक गोल ओरखड्यांवरून बोट फिरवलं, मग डॉक्टरांकडे बघितलं.

"हिला दवाखान्यात नेलं होतं का?"

डॉक्टर खाकरले. कान लाल झाले होते. "मी... म्हणजे सुवर्णमहोत्सव होता... दवाखान्यात पॉलिशचं छोटं मशीन आहे, दातांचं. वाटलं, जरा चमकली तर..."

काका हळूच त्यांच्याकडे वळले. इतकी वर्षं ते गुन्हेगार शोधत होते आणि तो दर शनिवारी त्यांच्याबरोबर चहा घेत होता.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "दात माणसाला दोनदा येतात. नंबर रायफलीला एकदाच."

डॉक्टरांनी हात जोडले. पण माणूस चांगला. दुसऱ्याच दिवशी ते त्यांचा दात बघायचा छोटा आरसा आणि बारीक दिवा घेऊन आले, आणि त्या आरशात आम्ही पहिल्यांदा पाचवीच्या नळीच्या मागच्या तोंडाची कड नीट पाहिली. सुई आपटल्याचा खळगा नव्हता. बाईंनी कधीच मोकळा चाप ओढला नव्हता. काकांनी तो आरसा परत दिलाच नाही.

बाई आल्या त्याच रविवारी त्यांना गोळीही मारायची होती. पालथं पडून मारणं शक्य नव्हतं. काकांनी टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, मी खुर्ची ओढली. दस्ता खांद्याला लागला मात्र, त्यांचा सगळा पवित्रा बदलला. कोपर कुठे, गाल कुठे, कुणी सांगावं लागलं नाही. पहिली गोळी कागदालाच लागली नाही. दुसरी कोपऱ्यात. त्या थांबल्या, नेम धरायचं मागचं भोकाचं साइट किंचित फिरवलं, श्वास अर्धा सोडला. तिसरी काळ्या वर्तुळात.

मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात खिशात घातले.

"दोन फुकट गेल्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काकांना: "पुढच्या रविवारी किती वाजता उघडता?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी जुन्या पाचही रायफलींचे नंबर माझ्या छापील यादीशी ताडून पाहिले. पाचवीपाशी थांबून ते म्हणाले, "हिचा नंबर बाजूला का नाही?" काका बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "लाकडाखाली आहे. पेचकस देऊ?" आणि पर्समधून त्यांनी जुना परवाना काढला. साहेबांनी सही केली. जाताना त्यांनी मला विचारलं, या बाई क्लबाच्या कोण? डॉक्टर म्हणाले, "आजीव सभासद," आणि त्याच दिवशी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं.

लाकडावरचं वार्निश काका आणि बाईंनी मिळून उतरवलं. त्याला पाच रविवार लागले, कारण जवसाचं तेल किती आणि किती दिवसांनी द्यायचं यावर त्यांचं एकमत व्हायचं नाही. काका म्हणायचे पातळ, चार हात. बाई म्हणायच्या, आमच्याकडे तीनच हात द्यायचे. लाकडाच्या रेषा वर यायला लागल्या तेव्हा दोघंही आपलंच बरोबर म्हणून खुश.

पावसाळ्यानंतर क्लबाची स्पर्धा झाली. मी तीच रायफल घेतली. माझा हात लांब, दस्ता आखूड, मान अवघडली. माझ्या दोन्ही बाजूंना परदेशी रायफली. मी सहावी आले. बाईंना आनंदाने सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "सहावी? घाई केलीत. चौथ्या गोळीला श्वास सोडलाच नाही. मी मोजत होते." आणि मग पिशवीतून मला एक पेरू काढून दिला, तिखटमीठ लावलेला.

डिसेंबरात मला प्रोजेक्ट मिळालं. रविवार तेवढे उरले. एका रविवारी जाऊन बघते तर बाईंच्या बरोबर आणखी दोघी, त्यांच्याच शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. एक गणिताची, एक चित्रकलेची. गणिताच्या बाईंना पहिल्याच दिवशी वाटलं की नेम म्हणजे नुसती भूमिती आहे आणि त्यांनी कागदावर कोन काढून काकांना समजावायला सुरुवात केली. काका ऐकून घेत होते, नाइलाज होता. चित्रकलेच्या बाईंनी एकच गोळी मारली, कानांवर हात ठेवले आणि नंतर त्या फक्त चहासाठी येत राहिल्या.

डॉक्टरांना मात्र धावपळ पडली. इतकी वर्षं क्लबात एकच स्वच्छतागृह होतं आणि त्यावर कसलीच पाटी नव्हती. त्यांनी घाईघाईने मागच्या बाजूला दुसरं बांधून घेतलं, दारावर 'महीला' असं स्वतः रंगवलं, आणि तिघींना ते दाखवायला स्वतः घेऊन गेले. बाईंनी पाटी वाचली.

"वेलांटी चुकली आहे," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.