मंद ठोके, धावते ठोके

भर मे महिन्यात, नागपुरात, मला थंडी वाजायची. बाहेरच्या खोलीत कूलर घोंघावत असायचा, नवरा बनियनवर बसलेला आणि मी आत दार लावून, शाल पांघरून पडलेली. चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता. मनीषनगरातल्या आमच्या शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली तुमची!

बीपी वाढलेलं होतं, तेही खालचं. त्याची गोळी घेऊनही ते उतरत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "थायरॉइड सुस्तावलंय तुमचं. त्यामुळे हृदय सावकाश चालतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि खालचं बीपी चढतं. गोळी सुरू करू, पण अगदी कमी डोसने. हृदयाला एकदम पळवायचं नाही."

रोज सकाळी उपाशीपोटी ती इवलीशी गोळी घेऊ लागले. हळूहळू अंगातलं जडपण गेलं. खालचं बीपी उतरलं, तेव्हा नवऱ्याने आनंदाने मुलीला फोन केला. पुढच्या तपासणीनंतर डोस थोडा वाढवला.

आणि एका दुपारी भाजी निवडता निवडता छाती धडधडू लागली. मग ते रोजचंच झालं. डाव्या कुशीवर वळलं की उशीतून स्वतःचे ठोके ऐकू यायचे. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी.

आई आमच्याकडेच राहते. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, हृदयाच्या झटक्याने गेले. ते आम्हा दोघींनाही आठवायचं, पण बोलत नव्हतो. एके दिवशी तिनेच विचारलं, "काहून वं, अशी छातीवर हात ठेवून काहून बसून राहिली?"

"काही नाही, आई."

"तुह्ये बाबा बी असेच बसत." मग म्हणाली, "सोडून दे ते गोळी. तेच तुले खाऊन राहिली."

नवरा म्हणाला, "सोडली तर पुन्हा पहिल्यासारखं होईल."

दोघांचंही मला पटत होतं. गोळी घेतली तर हृदय धावेल, सोडली तर पुन्हा तो सुजलेला, गारठलेला देह. मी घराबाहेर पडणं बंद केलं. जिन्यात पडले तर? न्हाणीघराची कडीही लावत नव्हते. आई बाहेर स्टुलावर बसून मधूनमधून हाक मारायची, "हायेस ना वं अंदर?"

"आहे."

एका सकाळी गोळी तळहातावर घेतली आणि ती तोंडात टाकवेना. पाण्याचा ग्लास तसाच. नवऱ्याने पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टरबाईंनी ईसीजी काढला आणि कागद बराच वेळ बघत राहिल्या. "ठोके वेगात आहेत, मध्येच एखादा चुकतोय. डोस तुम्हाला जास्त झालाय."

"मग बंद करू?" माझ्या आवाजात आशा होती.

"बंद नाही, कमी करायचा. आणि बीपीची गोळी सध्या थांबवू. थायरॉइडच्या गोळीनेच बीपी उतरलंय, वर ही गोळी. म्हणून चक्कर येते."

"किती दिवस घ्यायची थायरॉइडची?"

"बहुतेक कायमची."

मला रडू आलं. बरं व्हायला आले होते आणि जन्मठेप घेऊन निघाले होते.

ठोके शांत व्हायला काही आठवडे गेले. मध्ये पुन्हा तपासण्या झाल्या, डोस पुन्हा किंचित बदलला. थंडी पडल्यावर नवऱ्याबरोबर कळमन्याच्या बाजारात संत्री आणायला गेले. कितीतरी दिवसांनी इतकी माणसं एकत्र पाहत होते. हमालांच्या आरडाओरड्यात छाती एकदम धडधडली. मी एका ढिगाजवळ थांबले.

"काय झालं?" नवऱ्याने दंड धरला.

"थांब जरा."

धडधड गोळीची की गर्दीची, मला कळेना. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. ठोके उतरले, तसे आम्ही दोघं वाकून संत्री निवडू लागलो.