फुकटची डिग्री

आमच्या घरात कुणी काही नवीन करायचं म्हटलं, की मावशीचे थोरले दीर आधी चहा मागतात आणि मग सल्ला देतात. चहा संपतो, सल्ला संपत नाही. त्यांना सगळे भाऊजीच म्हणतात, अगदी मीसुद्धा. मावशीने चव्वेचाळिसाव्या वर्षी पाककलेच्या डिग्रीला प्रवेश घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते दोन कप प्यायले.

"स्वयंपाक शिकायला पैसे?" ते म्हणाले. "अगं, जन्मभर दुसरं काय करतेयस तू? सगळं फुकट जाणार बघ!"

मावशी एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर विम्याचे कागद इकडचे तिकडे करते. कँटीनमध्ये झाडून सगळे तिला मावशीच म्हणायचे, त्यामुळे सख्खी भाची असूनही मला वेगळा असा काही भाव नव्हता. तिथे मुख्य शेफला डिग्री हवीच, असा नियम. ती जागा तीनदा रिकामी झाली आणि तीनदा बाहेरून माणूस आला. तिसऱ्याच्या स्वागताला केक मावशीनेच केला आणि घरी येऊन म्हणाली, "पुढच्या वेळी केक माझ्यासाठी."

तिचा हिशेब पैशांत नव्हता, पगारांत होता. फी वर्षाला आठ पगार, म्हणजे तीन वर्षांचे चोवीस. कॉलेज दुपारचं, म्हणून काम अर्धा दिवस आणि पगारही अर्धा. तिथे आणखी अठरा गेले. एकूण बेचाळीस. शेफला मिळतात अडीच पगार, म्हणजे दर महिन्याला दीड जास्तीचा.

"अठ्ठावीस महिन्यांत वसूल," ती म्हणाली.

"आणि जागाच नाही मिळाली तर?" काकांनी विचारलं.

काका म्हणजे तिचा नवरा. शाळेची व्हॅन चालवतात आणि बोलतात मोजकंच. त्यांचा प्रश्न भाऊजींच्या दोन कपांपेक्षा जड होता, कारण फी जाणार होती ती दोघांच्या म्हातारपणासाठी ठेवलेल्या ठेवीतून. दुसरी ठेव नव्हती. मावशी बराच वेळ टेबलावरचा तेलाचा डाग पुसत राहिली.

"तर म्हातारपणी तुम्हाला शिकलेल्या बाईच्या हातचं जेवायला मिळेल," ती शेवटी म्हणाली.

काका हसले आणि ठेव मोडायच्या कागदावर त्यांनी सही केली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्यांचं म्हातारपण कुणाच्या गळ्यात पडणार होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं!

पहिल्याच परीक्षेत घोडं अडलं. सूपची कृती लिहायची होती आणि मावशीने लिहिलं, 'मीठ चवीपुरतं, पाणी अंदाजाने.' शून्य मार्क. तिच्या निम्म्या वयाच्या मॅडमनी विचारलं, "चव कुणाची? उद्या तुम्ही रजेवर गेलात, तर मीठ कोण घालणार?"

मावशी फणफणत घरी आली. पातेली आपटून झाली, मॅडमचा उद्धार करून झाला. मग सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "पण बाईचं बरोबर आहे गं. मी एक दिवस आजारी पडले, तर जेवण बिघडतं, आणि त्याचा मला इतकी वर्षं अभिमान वाटतोय." दुसऱ्या दिवशी तिने काटा आणला. त्यानंतर काकांच्या चहातली साखरसुद्धा काट्यावर चढली. भाऊजींनी तिसरा चमचा मागितला, तर त्यांना ग्रॅम विचारण्यात आले.

दुसऱ्या वर्षी ताटाची किंमत काढायचा विषय आला आणि मावशी रमली. बटाट्याचं साल किती गेलं, गॅस किती जळला, हाताची मजुरी किती, ते सगळं धरून ताट कितीला पडतं. जेवायला बसलं की आमच्या प्रत्येक घासाची किंमत आम्हाला कळू लागली. डोकं उठायचं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षी ती पहिल्या वर्गात पास झाली, आणि चार महिन्यांनी शेफची जागा चौथ्यांदा रिकामी झाली.

मॅनेजरची खोली कँटीनच्या कोपऱ्यात आहे. चारी बाजूंनी काच, पण वरून उघडी, त्यामुळे आतलं सगळं जेवणाच्या रांगेत ऐकू येतं. मी ट्रे घेऊन रांगेतच होते.

"मावशी, अभिनंदन! जागा तुमचीच," मॅनेजर म्हणाले. "पगार दीडपट करू. तुम्ही काय, घरच्याच."

मी रांगेतच हिशेब मांडला. दीडपट म्हणजे जास्तीचा फक्त अर्धा पगार. बेचाळीस वसूल व्हायला सात वर्षं.

"आधीच्या शेफला अडीचपट होता," मावशी म्हणाली.

"ते बाहेरचे होते हो."

"साहेब, पडेल त्यापेक्षा कमी किमतीला ताट विकू नये, असं शिकवतात आम्हाला. मी कितीला पडते ते मी काढलंय. फी धरून, बुडालेला पगार धरून, उरलेली वर्षं धरून. अडीचच्या खाली मी तोट्यात जाते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "परवडत नसेल तर सांगा. डिग्री घेऊन दुसरीकडेही जाता येतं."

रांगेत चमचासुद्धा वाजत नव्हता. मॅनेजरनी कॅल्क्युलेटर ओढला, बडवला, बाजूला सारला.

"बरं, अडीच," ते म्हणाले. "आता तुम्हाला मावशी म्हणायची चोरी. शेफ म्हणावं लागणार!"

"हाक मावशीचीच मारा," ती म्हणाली. "पगार शेफचा द्या."

रांगेतल्या कुणीतरी ट्रेवर चमचा आपटला आणि मग सगळ्यांनीच आपटले. मी सर्वांत जोरात. माझी मावशी आहे ती, सख्खी!

आणि परवा तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. कारण सांगितलं नाही. केक मात्र तिने स्वतःच केला होता. भाऊजींचं पोटभर जेवण झाल्यावर तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला, न मोजता तीन चमचे साखर घातली आणि म्हणाली, "भाऊजी, आज अठ्ठावीस महिने झाले. बेचाळीसच्या बेचाळीस पगार वसूल."

"मग?" भाऊजींनी कप उचलला.

"मग काय, तुमचंच खरं झालं," मावशी म्हणाली. "डिग्री आजपासून फुकट!"