कान दिसले पाहिजेत

पनवेलला बाजाराजवळ अब्दुल्लाभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. दुकान अरुंद, काम चोख. इथली किती माणसं त्यांच्यापुढे बसून मग आखातात गेली. व्हिसाचा फोटो म्हणजे मागे पांढरा पडदा, तोंड बंद, दोन्ही कान उघडे. "दात बाहेर ठेवून या," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात आणि गिऱ्हाईक हसलं की त्यालाच ओरडतात.

मी जासईच्या यार्डात कंटेनर बांधण्यात जन्म काढला. मन लावून केलेलं काम मला लांबून कळतं. हा माणूस दोन बोटांनी हनुवटी धरतो आणि बोल्ट आवळावा तशी जागेवर आणतो. त्यांनी काढलेला फोटो व्हिसावाल्यांनी नाकारून परत आलेला मी पाहिला नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी त्यांच्याच बाकावर बसतो.

अब्दुल्लाभाईंच्या घरात मात्र या सवयीने घोटाळा केला. कॅमेरा दिसला की अख्खं कुटुंब ताठ. ईदचे फोटो बघितले तर सगळे विमानाची वाट बघताहेत असं वाटतं. धाकट्या अदीबचा पाळण्यातला फोटोसुद्धा पांढऱ्या चादरीवर, कान उघडे.

मुलगी नाझिया लग्न होऊन मस्कतला निघाली. आदल्या दिवशी ती आई बिल्कीसला आणि अदीबला घेऊन दुकानात आली.

"अब्बा, मला सगळ्यांचा एक हसतानाचा फोटो हवा. तुम्हीपण त्यात पाहिजे. तिकडे घरची आठवण आली तर काय व्हिसाच्या फोटोंकडे बघत बसू?"

अब्दुल्लाभाईंनी पडद्यासमोर खुर्च्या ओढल्या. मग म्हणाले, "बसा."

मी म्हटलं, "बटण मी दाबतो."

"कमलाकरभाऊ, तुमचा हात कंटेनरचा. माझा कॅमेरा नाजूक आहे."

त्यांनी टायमर लावला, धावत जाऊन बसले आणि म्हणाले, "हसा!" चौघांचे चेहरे दगड. पुन्हा लावला. पुन्हा दगड.

"अहो, तुम्ही हसा म्हणता तेसुद्धा दरडावल्यासारखं," बिल्कीस म्हणाली.

अदीबने विनोद सांगितला. तो एकटाच हसला, तेही कॅमेरा वाजून गेल्यावर. नाझियाचे डोळे भरले. "राहू दे अब्बा. आपल्याला नाही जमत."

"का नाही जमत? काम अर्धं सोडायचं नसतं."

त्यांनी टायमर लावला. धावले. खुर्चीशी पोचले आणि थबकले. बिल्कीसचा एक कान पदराखाली होता. ते कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकले, पदर मागे सारला, लगेच अदीबची हनुवटी धरली.

"अब्बा, टायमर!" नाझिया ओरडली.

"एक मिनिट, हा डावीकडे झुकलाय—"

बिल्कीस आधी हसत सुटली. मग अदीब, हनुवटी अब्बांच्या चिमटीत असतानाच. नाझिया तर खुर्चीवरून घसरली. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

फोटोत तिघं पोट धरून हसताहेत आणि मध्ये अब्दुल्लाभाईंची भली मोठी पाठ.

"खराब आला," ते म्हणाले. "परत काढू."

"हात लावायचा नाही त्याला," नाझिया म्हणाली. "हाच नेणार."

ती तो घेऊन गेली. एक प्रत दुकानात लागली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हा कसला फोटो? अब्दुल्लाभाई अभिमानाने सांगतात, "माझ्या घरचा. बिल्कीसचे कान बघा, दोन्ही दिसताहेत."