डोलकाठीच्या खाचेतला देव

प्यो दोंगशिकच्या होडीत लोखंडी खिळा कधी शिरला नाही. दक्षिणेकडच्या त्याच्या बेटावर त्याचे आजोबाही लाकडी मेखाच ठोकत. पाण्यात फुगली की मेख आणि फळी एकजीव होत. सांध्यांत भरायला बांबूचा कीस काढायचं काम बायकोचं, ओकशिमचं. होडी पुरी झाली की डोलकाठीच्या बुडाशी खाच कोरायची, तिच्यात रंगीत कापड आणि दोरा ठेवून होडीचा देव बसवायचा. हे होडीच्या सुतारानंच करायचं.

मग फायबरच्या बोटी आल्या. शेजारचा बांग हसायचा, "दोंगशिक, तुझी होडी होईतो मासे म्हातारे होतात रे."

एक दिवस मुलगा, ग्युहानही तसलीच बोट घेऊन आला. आईकडून कापड आणि दोरा मागून त्यानं बापासमोर धरला. "बाबा, देव तुम्हीच बसवा."

"प्लास्टिकच्या टबात देव बसत नाही," दोंगशिक म्हणाला आणि रंधा मारत राहिला. ग्युहाननं कापडाची नीट घडी घातली आणि हत्यारांच्या पेटीवर ठेवली.

त्याच वर्षी शरदात वादळ झालं. बोट गेली, ग्युहान गेला. देहसुद्धा हाती लागला नाही.

अशा माणसाचा जीव आधी समुद्रातून वर आणायचा, मगच त्याची समाधी बांधता येते. तांदळानं भरलेली पितळी वाटी झाकण लावून पांढऱ्या कापडात बांधायची आणि दोरीनं पाण्यात सोडायची. वर ओढल्यावर तांदळात केस दिसला, तर माणूस आला. बांगच्या बोटीतून दोनदा वाटी सोडली. दोन्ही वेळा तांदूळ स्वच्छ निघाले.

"कुणावर तरी रुसलाय," देवऋषीण म्हणाली.

कुणावर, ते दोंगशिकला विचारावं लागलं नाही. आपली जुनी होडी त्यानं किनाऱ्यावर ओढली, सैल सांधे पुन्हा भरले. ओकशिम शेजारी बसून बांबू किसत होती.

"ग्युहानचे बाबा, या खेपेला आला नाही तर?"

"तर तो येईतो मी इथेच बसेन. तू घरी जा."

तिसऱ्या खेपेच्या सकाळी वाटी ओकशिमनं बांधली. तिला, देवऋषिणीला आणि बांगला होडीत घेऊन मुलगा बुडाला तिथवर दोंगशिक वल्हवत गेला. देवऋषिणीनं घंटा वाजवली, बांगनं दोरी सोडली. वाटी वर आली तेव्हा दोंगशिकनं गाठ सोडवून झाकण काढलं.

तांदळात केस होता.

लांब, बारीक, पांढरा. ग्युहानचे केस ब्रशासारखे ताठ, काळेभोर. दोंगशिकनं बायकोकडे पाहिलं. ती डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून पाण्याकडे बघत होती.

"तोच का रे?" बांगनं हळूच विचारलं.

"तोच," दोंगशिक म्हणाला. "खारं पाणी लागलं की रंग उडतो."

ओकशिमचे खांदे हलू लागले. दोंगशिकनं खिशातून ग्युहाननं पेटीवर ठेवलेली ती कापडाची घडी काढली, केस कापडात गुंडाळला, वरून दोरा बांधला. समाधीत ठेवायला उद्या न्यायचाच होता. आजच्यापुरता त्यानं तो डोलकाठीच्या खाचेत ठेवला, आणि परतताना वल्हं अगदी सावकाश मारलं.