नकाशावरची बारव

हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे, आणि तेही उशिरा. बायकोला सांगितलं नाही. ज्या संस्थेचा पगार खाल्ला तिला तर नाहीच.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. गेवराईत एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, घरांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या आणि माझ्या हातात उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र आलं होतं. काम असं, की गावोगावची जुनी देवळं, वीरगळ, बारवा शोधायच्या, यंत्राने त्यांची जागा टिपायची आणि संगणकावरच्या नकाशात बसवायची. तो नकाशा मग सरकारदरबारी जायचा. ठिपका पडलेल्या जागेला सहसा कुणी हात लावत नसे.

तेव्हा यंत्र एका जागी ठरत नसे. उपग्रह ज्या परदेशी लष्कराचे, ते संदेशात मुद्दाम थोडी चूक मिसळून पाठवत. म्हणून वास्तूपाशी अर्धा तास यंत्र धरून उभं राहायचं, आकडे जमू द्यायचे, मग त्यांची सरासरी निघायची. माझा सगळा गुन्हा त्या अर्ध्या तासाचा आहे.

तलवाड्याच्या पुढे कपाशीच्या रानात एक बारव होती. दगडी पायऱ्यांची, चौकोनी. शेतमालकाची विधवा भावजय मला ती दाखवायला आली. पंचेचाळिशीची असेल. हातात झाकलेलं भांडं. तिची एकुलती पोरगी याच बारवेत बुडाली होती.

"मढं तेवडं वर काडलं, साहेब," ती चालता चालता म्हणाली. "पोरगी खालीच ऱ्हायली."

मी चालता चालता यंत्राची बटणं दाबत राहिलो.

"दीर म्हणतो, बुजवून टाकू. पाण्यात साती आसरा हायत म्हणं, माणूस धरत्यात. बारा वाजता हिकडं कुणी फिरकत न्हाई. मी येते. दहीभात ठिवते तिच्यापुरता. बुजवली तर मी कुटं जाऊ?" मग माझ्या हाताकडे बघून, "ह्या यंत्रात बसली की बुजवता येत न्हाई ना?"

"नाही येत," मी म्हणालो.

आम्ही पोचलो ते ऐन बारालाच. ती काठावर बसली, मी उतरलो. खाली हिरवं पाणी. भिंतीत पारव्यांचे कोनाडे होते, पण पारवा एकही नव्हता. इतक्या खोल उपग्रहांशी संपर्क तुटायला हवा होता, पडदा कोरा पडायला हवा होता. तसं झालं नाही. आपण चालतो तशी यंत्रात रेघ उमटत जाते. मी जागचा हललो नव्हतो आणि रेघ पुढे चालली होती. बाजूला वेग दिसत होता, लहान मूल चालेल तेवढा. रेघ वळली, माघारी आली, परत वळली.

याला कारण आहे. मिसळलेली चूक पडद्यावर अशीच भटकताना दिसते. नव्या पोरांना हे मीच समजावलेलं. कारण पाठ होतं, तरी मी वर धावलो.

ती भांड्यावरचं फडकं काढत होती. वर न बघता तिने विचारलं, "फिरत व्हती का?"

मी तिला त्या रेघेचं काहीच सांगितलं नव्हतं.

जीपमध्ये सामान राहिलं असं सांगून मी निघालो ते चार शेतं ओलांडून सडकेलाच थांबलो. तिथे ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, बरं वाटलं. सडकेच्या कडेला अर्धा तास यंत्र धरून उभा राहिलो आणि तोच आकडा बारवेचा म्हणून लिहिला. ती मागून आली. "झालं का, साहेब?"

"झालं."

पुढच्या उन्हाळ्यात दिराने मुरमाचे ट्रॅक्टर आणले. ती तहसिलात जाऊन बसली. तिथून एक माणूस नकाशा घेऊन आला, तर ठिपका सडकेच्या कडेला. दीर म्हणे हसून लोळला. "वैनी, तुजी बारव चालत सडकंला गेली बग! आता तिला एष्टीत बसवून दे."

संस्थेने मला विचारलं. "यंत्राचा फरक," मी म्हणालो. तेव्हा हे उत्तर कुणालाही पटायचं. जाऊन दुरुस्त करतो म्हणालो, आणि गेलो नाही. तेवढ्यात बारव बुजली.

काही वर्षांनी परदेशातल्यांनी ती चूक मिसळणं बंद केलं. यंत्रं नेमकी जागा सांगू लागली आणि माझी सबब गेली. त्याच सुमारास एकदा त्या सडकेने जात होतो. दुपार व्हायला आली होती. मी जिथे उभा राहिलो होतो तिथेच ती बसलेली, पुढ्यात भांडं.

"यंत्रवाले साहेब न्हवं? बसा." ती खूप थकली होती, पण हसली. "दीर हासला, पर मला कळलं. यंत्राला हितं दिसली म्हंजी मुरूम पडायच्या आदीच निगून आली. लई हुशार व्हती."

मी सांगून टाकलं. यंत्राने काही पाहिलं नाही. मी भ्यालो, पळालो, इथे मीच उभा होतो.

एक वाळूचा ट्रक गेला, भातावर धूळ बसली. तिने ती झटकली नाही.

"मंग ती तितंच हाय?"

"हो."

"मुरमाखाली."

"हो."

"म्हंजी इतकी वर्सं उपाशी हाय."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठायला गेली, उठवेना. मग भांडं माझ्यासमोर धरलं. "गुडगे न्हाईत ऱ्हायले माजे. तुमी जावा. बारा वाजायच्या आत."

मी भांडं घेऊन कपाशीत शिरलो. रान सपाट झालेलं, बारवेची खूण कुठेच नाही. ज्याने जागा टिपायची त्यालाच जागा सापडेना. मागे वळून ओरडलो, "इथं का, मावशी?"

सडकेवरून तिने हात हलवला. पुढं. मी गेलो. अजून पुढं. वारा पडला होता. कमरेएवढी कपाशी हळूहळू खुजी होत गेली आणि एका सरीनंतर पायाखालची माती मऊ लागली. मी वळून पाहिलं.

तिने हात खाली घेतला होता.