छत्री मिटा, मॅनेजर हटा

आमच्या हुमनाबादच्या फुटबॉल संघाला हरायची इतकी सवय होती, की एकदा समोरचा संघ आलाच नाही, तरी लोक मैदानावरून घरी गेले ते तोंड पाडूनच. मी तेव्हा विशीत होतो. बाजारात वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसायचो आणि शुक्रवारची वाट पाहायचो. निजामाचं राज्य, त्यामुळे सुट्टी शुक्रवारची. दुपारची नमाज झाली की ईदगाहमागच्या मैदानावर सगळा गाव लोटायचा. बाप्ये बांधावर उकिडवे बसायचे, बायका कडेला लावलेल्या दमण्यांत, म्हणजे टपाच्या बैलगाड्यांत, बसून पडद्याच्या फटीतून बघायच्या, आणि तासाभरात सगळे मिळून मॅनेजरच्या नावानं खडे फोडायचे.

तो मॅनेजर म्हणजे माझे सख्खे सासरे. माझ्या तरुणपणातली सगळी अडचण या एका वाक्यात आली.

सासरे आडतीचं दुकान चालवायचे, पण त्यांची खरी ओळख जत्रेची. गावच्या जत्रेत पालखीची पुढची दांडी कोणत्या घराच्या खांद्यावर, मागची कोणत्या, छत्री कोण धरणार, पहिला नारळ कोण फोडणार, हे सगळे मान त्यांना तोंडपाठ. मानापानावरून शेजारच्या गावांत डोकी फुटायची, आमच्या गावात कधी ब्रसुद्धा निघाला नाही, तो त्यांच्यामुळे. म्हणून शाळेच्या ड्रिलमास्तरांनी संघ काढला तेव्हा गावानं एकमुखानं त्यांना मॅनेजर केलं. सासऱ्यांनी तोवर फुटबॉल पाहिलेला नव्हता. त्यांनी मास्तरांना समोर बसवून घेतलं, खेळात अकरा जागा असतात एवढं समजून घेतलं, आणि त्या अकरा जागा जत्रेसारख्या वाटून टाकल्या.

पुढची दांडी धरणारी घरं पुढे खेळणार, मागची दांडी धरणारी मागे. उरसात आणि जत्रेत दोन्हीकडे ऊद जाळायचा मान ज्या घराचा, त्यांना डावी कड. आणि छत्रीच्या मानकऱ्याला गोलकीपर केलं, कारण गोलकीपरही छत्रीवाल्यासारखा दांडीखालीच उभा राहतो. हे छत्रीवाले काका पन्नाशी ओलांडलेले, अंगानं भरलेले, स्वभावानं देवमाणूस. सगळं आयुष्य पालखी आली की दोन पावलं बाजूला होऊन वाट द्यायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. चेंडू जोरात येताना दिसला की ते अदबीनं दोन पावलं बाजूला व्हायचे. चेंडू जाळीत गेला की पुन्हा जागेवर यायचे. एकदा तर त्यांनी जाणाऱ्या चेंडूला हात जोडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पेनल्टीची तर बातच नको. ती पहिल्या नारळाच्या घराकडे होती, आणि त्या घराचे दोन भाऊ वेगळे निघालेले. यंदाची पाळी थोरल्याची की धाकट्याची, यावर चेंडूपाशी उभं राहून दोघांची हुज्जत चालायची. रेफरी म्हणून आलेला पोलीस जमादार कंटाळून शिट्टी फुंकायचा. एवढं होऊन जो कोणी मारायचा, त्याचा चेंडू नौबादच्या दिशेनं जायचा, म्हणजे पार बिदरच्या वाटेला.

आणि खरा खेळणारा माणूस बाहेर, लिंबाखाली बसलेला. तो टांगेवाला होता. अफजलपूरकडून येऊन इथं राहिलेला, म्हणून गावात त्याच्या घराला कसलाच मान नव्हता. सुटलेला चेंडू तो लिंबाखालून एका लाथेत मैदानाच्या मधोमध आणून टाकायचा, आणि अख्खा गाव एका सुरात उसासा टाकायचा.

बिदरच्या संघानं आमच्यावर सात गोल केले त्या शुक्रवारी माझं डोकं फिरलं. काका सातव्यांदा वाट देऊन जागेवर येत होते, आणि मी बांधावर उभा राहून ओरडलो, "छत्री मिटा, मॅनेजर हटा!" मला वाटलं आपलं आपण ओरडलो. पण शेजारच्या अत्तरवाल्यानं ते उचललं, त्याच्याकडून भुसारवाल्यांनी, आणि बघता बघता सगळा बांध टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणू लागला. अंगात वारं भरल्यागत झालं. मी तर नाचलोसुद्धा. नाचता नाचता गिरकी घेतली तेव्हा समोर सासरे उभे होते.

ते पाठ फिरवून मैदानाकडे चालू लागले. पण माझं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि आखाड महिन्यासाठी माहेरी गेलेली बायको दुसऱ्या दिवशी परत यायची होती. ती आली नाही. तिच्याऐवजी सासऱ्यांच्या दुकानाचा गडी निरोप घेऊन आला. "मालकानं सांगटलंय, जावईबापूंचा घसा बसला आसंल. चांगला झाला की कळवा, मग लेक धाडू."

घसा खणखणीत आहे असं मी तीनदा कळवलं. उपयोग शून्य. वर त्या साली अधिक श्रावण आलेला, त्यामुळे माहेरी ठेवून घ्यायला सासूबाईंना निमित्त आयतंच मिळालं. दुकानात मी लुगडं मागणाऱ्याला धोतर काढून दाखवू लागलो. आई म्हणाली, "कामून रं असा करायलास?" काय सांगणार? लग्नानंतर बायको मला इतकी आवडेल याची मलाच कल्पना नव्हती, आणि असं बोलून दाखवायची पद्धतही नव्हती.

वाट दाखवली ती अत्तरवाल्यानं. त्याचं दुकान आमच्या दुकानाला लागून, आणि आमचे सणवार त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तो म्हणाला, "क्या मियाँ, अधिक महिना है ना? धोंडे खाने बुलाएंगेच. उस दिन जावई जो माँगे सो देना पडता. ये मौका छोडो नक्को!"

आमच्याकडे तशी चाल होतीच. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, म्हणजे पुरण भरून केलेले धोंडे. जावयानं पहिला घास हातात घेऊन रुसून थांबायचं, सासऱ्यानं काय हवं ते विचारायचं, आणि जावई एकदाच जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. लोक अंगठी मागत, गाय मागत. मी काय मागायचं ते मनात ठरलेलं होतं. पण अत्तरवाल्यानं बाजारभर सांगून टाकलं, की आपला जावई मॅनेजरी मागणार.

धोंड्याच्या दिवशी मी सासरवाडीला निघालो तर मागं वीसपंचवीस माणसं. ती सासऱ्यांच्या अंगणाबाहेरच्या गडग्यावर ओळीनं बसली. मी नवं धोतर नेसून पाटावर बसलो. वाफाळलेला धोंडा मोडला, घास उचलला आणि थांबलो. सासरे समोर मांडी घालून बसलेले.

"बोला जावईबापू," ते म्हणाले, "काय पायजे?"

तेवढ्यात बायको तूप वाढायला आली. महिन्याभरानं दिसली. पदर डोळ्यांपर्यंत, हातात तुपाची वाटी. मी विरघळलो. "तुमची लेक" हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात ती तुपाची धार धरून, ओठ न हलवता पुटपुटली, "माझं नाव काढसाल तर बगा! मी आज न्हाई तर उद्या येतेच की. आदी ते छत्रीवालं काका काडा तितून. दमणीत बसून बसून जीव जायलाय माझा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे सगळे शुक्रवार त्या पडद्यामागं बसून ही माझ्याच इतकी जळत होती! मला इतका आनंद झाला की हातातला घास पानात पडला. मी मोठ्यानं म्हणालो, "मामा, मॅनेजरी सोडा."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. एकदम म्हातारे दिसले. मग त्यांनी मान हलवली. "सोडली. जावयाला न्हाई म्हणायचं न्हाई. पर मान मोकळा ठिवता येत न्हाई, बापू. त्यो आता तुमाला घ्यावा लागतोय."

बाहेर जो गलका उठला त्यानं ओसरीवरची कबुतरं उडाली. लोकांनी मला पाटावरून उचलून वरच्या वर झेललं. खाली उतरवलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "जावयानं लेक मागटलीच न्हाई. मग आता पंचमी करूनच धाडू." पंचमी निज श्रावणातली, म्हणजे हा अधिक सगळा सरल्यावर! मी अत्तरवाल्याकडे पाहिलं, तर तो अत्तर शिंपडण्यात गुंग.

मॅनेजर झालो आणि मी सगळे मान एका फटक्यात बंद केले. टांगेवाला पुढे, विहिरी खोदणारा एक उंच गडी गोलात, बाकी ज्याला पळता येईल तो. मानकरी घरं रुसली, त्यांचा एक माणूस खेळायला येईना. पुढच्या शुक्रवारी गुलबर्ग्याचा संघ आला तेव्हा माझी माणसं भरली दहा. अकरावा म्हणून मी स्वतः धोतराचा काचा मारून उभा राहिलो, तेच धोंड्याचं नवं कोरं धोतर. कडेला सासरे एकटेच लिंबाखाली, टांगेवाल्याच्या जागी बसले होते.

आणि काय सांगू, आम्ही खेळलो! तांबड्या चिखलात लोळलो, पडलो, उठलो. उंच गड्यानं वाट दिली नाही, आडवा झाला. गुलबर्ग्याचा एकच गोल झाला, आणि शेवटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. सगळा बांध उभा राहिला. टांगेवाल्यानं चेंडू उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, टिंबावर ठेवला. मग तो मागं सरला आणि अदबीनं माझ्याकडे वळला. "पहिली लात तुमची, मालक. जावयाचा मान हाय."

मी नको म्हणायला हवं होतं. मान बंद करणारा माणूस मी! पण बांधावरून अत्तरवाला ओरडला, "हौ, जावई का मान!" आणि सगळा गाव म्हणू लागला, "जावयाचा मान! जावयाचा मान!" लोक मान द्यायला लागले की नाही म्हणणं आमच्या मातीतल्या माणसाला जमत नाही. पाय आपोआप चेंडूकडे गेले. मी धावत आलो, लाथ मारली, काचा सुटला, धोतर पायात आलं आणि मी चिखलात बसलो. चेंडू वर गेला, खूप वर गेला, आणि दमण्यांच्या रांगेत एका टपावर आदळून पलीकडे पडला.

त्याच दमणीच्या पडद्यामागून एक बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "छत्री मिटा, मॅनेजर हटा!"

आवाज मी ओळखला. सासऱ्यांनीही ओळखला. ते लिंबाखाली उभे राहिले, आणि पोट धरून असे हसले की त्यांना बुंध्याला टेकावं लागलं. मग त्यांनी दोन्ही हात वर करून टाळीचा ठेका धरला. रुसलेले मानकरी गलका ऐकून आपापल्या ओट्यांवरून धावत आले, त्यांच्यात सर्वांत पुढे छत्रीवाले काका. सगळा गाव नाचत होता आणि मी चिखलात बसून धोतर शोधत होतो. इतकं मजेत मी पुन्हा कधी हरलो नाही.

खेळ संपल्यावर मी टांग्यात बसलो तर शेजारी दमणीतून काढलेली एक पेटी येऊन आदळली, आणि पेटीमागून बायको चढली. सासूबाई म्हणत होत्या, पंचमी व्हायचीय अजून. पण सासरे पुढे आले, चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "हरलेल्या मॅनेजरला घरात कुनी तरी लागतंय. मला तू हुतीस की."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. टांगा निघाला. वेशीपाशी बायकोनं पदर मागं सारला आणि म्हणाली, "त्या काकाला परत घ्या. आन तुमी बाहेर बसा."

पुढे बसलेला टांगेवाला मान न वळवता म्हणाला, "अक्का बराबर बोलायलीय."