हात न लावता भेट

सून परळला राहते, मी लालबागला. चालत गेलं तर पंधरा मिनिटं. पण नातीला बघायचं तर दोन बस बदलून कोर्टात जायचं, तिथल्या मुलांच्या खोलीत. महिन्यातले दोन शनिवार, एकेक तास. तेवढं तरी मिळालं म्हणून मी रोज देवाला हात जोडायचे, आणि रोज भ्यायचे की तेही जाईल.

माझी शाळा चौथीतच सुटली. कायदा मला वकीलबाईंनी समजावला. सरकारी मदतीतून मिळालेल्या, फी न घेणाऱ्या. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही. त्या म्हणाल्या, "आजी, मूल आमच्याकडे राहू द्या असं मागितलंत तर आई धडधाकट असताना कोर्ट देणार नाही. आपण भेट मागू. तीसुद्धा पोरीच्या भल्याची वाटली तरच."

"आणि माझ्या भल्याचं?"

"त्याला कायद्यात कलम नाही हो."

खरं तर दोष आमचाच. मुलगा तापाने आठ दिवसांत गेला. त्याचे दिवस गावी केले आणि तेराव्यानंतर ह्यांनी सुनेला सांगितलं, तू जा मुंबईला, आमच्या लेकाची पोर इथंच राहील. चार वर्षांची पोर ती. सून तशीच ओसरीवर बसून राहिली, जेवायलाही आत येईना. शेवटी तिचे भाऊ आले नि दोघींना घेऊन गेले. मी तेव्हा चुलीपुढे बसून होते. एक शब्द बोलले नाही. त्यानंतर तिने फोन उचलला नाही तो नाहीच.

म्हणून ह्यांना गावी गुरांपाशी ठेवून मी लालबागला चुलत नणंदेच्या खोलीत आले. तिच्याच ओळखीने मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायचं काम लागलं. हे मी वकीलबाईंना सांगितलं नव्हतं. वाटलं, मिरच्या खुडणाऱ्या बाईपाशी कोर्ट पोर कशाला पाठवील?

देठं खुडली की बोटं तिखट होतात, आणि ते साबणाने जात नाही. खोबरेल चोळा, दही लावा, दीड-दोन दिवस राहतंच. भेटीच्या आधीचे दोन दिवस म्हणून मी कामावर जायचेच नाही. मालकीणबाई काही बोलायच्या नाहीत. पण एप्रिल महिना, मसाल्याचा मोसम. भेटीआधीच्या गुरुवारी त्यांनी निरोप धाडला, "मावशी, उद्या एवढं या हो, माणूस नाही." ज्या बाईने मला इतके दिवस सांभाळून घेतलं तिला नाही कसं म्हणू? शुक्रवारी गेले. रात्री तेल चोळलं, सकाळी दही लावलं, हात नाकाशी धरून पाहिले. वास नव्हता.

भेट छान चालली होती. नातीने मला चित्र काढून दाखवलं, त्यात मला मिशा काढल्या होत्या. मग म्हणाली, "आजी, डोळ्यात पापणी गेली." मी पदर घ्यायचा सोडून बोटानेच काढायला गेले. गावी पोरांच्या डोळ्यातलं असंच काढतो.

पोर किंचाळली. डोळा लालभडक. दाराबाहेर बसलेली सून धावत आत आली. "आई, काय केलंत तिला?" वर्षभरात तिने मला आई म्हटलं ते त्या घाबरण्यात. मला काय झालं ते कळलं होतं, पण मी हात पदराखाली लपवले. खोलीवर देखरेखीला असलेल्या कोर्टाच्या बाईंनी पाण्याने डोळा धुतला आणि वहीत लिहून घेतलं.

पंधरा दिवसांत सुनेच्या वकिलांचा अर्ज आला. मुलीला इजा केली, भेट कायमची बंद करा. घरी मी रडत होते तर नणंद म्हणाली, "रडतंस कित्याक गे? जजाक खरां काय ता सांग. कामाची लाज, मगे पोर कशी मिळात?"

वकीलबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" मग तारखेला मला कोर्टापुढे उभं केलं. जजमॅडमना मी म्हटलं, "मी लालबागला मिरच्या खुडते. आदल्या दिवशी कामावर गेले होते. जाणून केलं नाही." पलीकडचे वकील म्हणाले, ही बाई वर्षभर काम लपवते, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

जजमॅडमनी सुनेला विचारलं. ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "भेट बंद नको. पण त्यांनी तिला हात लावायचा नाही." तसाच हुकूम झाला. सहा महिने, टेबलाच्या अलीकडे-पलीकडे, बाई समोर बसतील. मी तिथेच सुनेला हात जोडले. तिने पाहिलं नाही.

हुकुमानंतरच्या पहिल्या शनिवारी नात समोरच्या खुर्चीवर बसली. वेणी सुटलेली. मुठीतलं रबर टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "बांध ना."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"तुझे हात अजून तिखट आहेत?"

दुकान सोडून मला तीन आठवडे झाले होते. पण तुझ्या आईने नको म्हटलंय, हे त्या पोरीला कसं सांगणार? "हो गं," म्हटलं, "अजून आहेत."

तिने रबर परत ओढून घेतलं. "मग तिखट कधी जाणार?"

भेट संपायला घड्याळात अजून चाळीस मिनिटं होती. मी तिला विचारलं, शाळेत काय काय शिकवलं.